आधी रेकॉर्ड, मग मशीन: खेड्यात राहून तबकड्यांचा नाद कसा लावून घ्यावा

या नादात नव्यानं पडणारा माणूस बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. मोबाइलवर एखादा चकचकीत सुटकेस-प्लेअर दिसतो, तो मागवतो, आणि मग त्यावर लावायला काहीतरी हवं म्हणून रेकॉर्ड शोधायला निघतो. माळ्यावरून आजोबांच्या वेळच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघतात आणि नव्या मशीनवर ७८ चा वेगच नसतो. म्हणून पैसे सध्या खिशातच ठेवा आणि आधी गावात फिरा. आपल्या हाती कोणत्या जातीच्या रेकॉर्ड येणार हे कळलं की मशीन कोणतं घ्यायचं ते आपसूक ठरतं.

गावात कुठे शोधायच्या

विदर्भातल्या खेड्यात कुठल्या आल्या रेकॉर्ड, असं समजू नका. पूर्वेकडे जुन्या मालगुजारांचे वाडे आहेत, वऱ्हाडात पाटील-देशमुखांची घरं आहेत. रेल्वेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेले लोक आहेत. कापसाचा चुकारा हातात आल्यावर एखाद्या वर्षी हौसेनं फोनो, म्हणजे ग्रामोफोन घेणारेही कमी नव्हते. पण सगळ्यात मोठे साठे निघतात ते बिछायत केंद्रवाल्यांकडे. मांडव, सतरंज्या, गंजं-पातेल्यांबरोबर हेच लोक भोंगा आणि रेकॉर्डही भाड्यानं द्यायचे. लग्न असो, गणपती असो की उरूस, एकच पेटी गावोगाव फिरायची. कॅसेट आली तशी ती पेटी मागच्या खोलीत गेली, आणि बऱ्याच ठिकाणी अजून तिथंच आहे.

विचारताना 'विनाइल' म्हणू नका, कोणाला कळणार नाही. 'फोनोच्या रेकॉर्ड', 'काळ्या प्लेटा', 'भोंग्यावर वाजायच्या त्या' असं म्हणा. उत्तर साधारण ठरलेलं असतं: "आहेत ना भाऊ, माळ्यावर पडल्या आहेत. पण आता वाजत नाहीत त्या." वाजत नाहीत याचा अर्थ मशीन बिघडलंय एवढाच असतो. विचारायची उत्तम वेळ म्हणजे दिवाळीच्या साफसफाईच्या आधीचे दिवस. त्यानंतर तोच माल कबाड्याच्या हातगाडीवर दिसतो, तोही कव्हरांशिवाय, कारण पुठ्ठा रद्दीत वेगळा तोलला जातो.

शहरात जाणं झालंच तर नागपुरात इतवारी-महालाकडची जुन्या सामानाची दुकानं चाळा. मुंबईच्या चोर बाजारात माल भरपूर, पण तिथं विकणाऱ्याला प्रत्येक रेकॉर्डची किंमत तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते. नवख्यानं तिथं पहिली खरेदी करू नये असं माझं मत आहे.

पण कशासाठी?

तबकडीचा आवाज डिजिटलपेक्षा चांगलाच असतो असं कोणी छातीठोकपणे सांगू लागलं तर फार मनावर घेऊ नका. आपल्याकडच्या कितीतरी रेकॉर्ड कोऱ्या असतानाही खरखरायच्या, आणि त्यातल्या बऱ्याच गाण्यांची स्वच्छ प्रत आज मोबाइलवर फुकट ऐकता येते. तरीही २०२२ मध्ये अमेरिकेत सीडींपेक्षा तबकड्या जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. म्हणजे लोक नुसत्या स्वच्छ आवाजासाठी हा खटाटोप करत नाहीत.

मला विचाराल तर खरी गंमत 'बाजू'त आहे. एलपीची, म्हणजे मोठ्या बारा इंची तबकडीची, एक बाजू वीस-बावीस मिनिटांची. तेवढा वेळ बसायचं, मग उठून ती उलटायची. मधलं गाणं टाळता येत नाही असं नाही, पण सुई उचलायचा कंटाळा येतो आणि त्या कंटाळ्यापायी नको असलेली गाणीही कानावर पडतात. त्यातली दोन-चार पुढे आवडायला लागतात. दुसरं म्हणजे रेकॉर्डवर तिचं घर उमटलेलं असतं. कव्हरवर शाईनं लिहिलेला लग्नाच्या आहेराचा मजकूर, लेबलवर बिछायतवाल्याचा रबरी शिक्का, एखाद्याच गाण्याच्या पट्ट्यात झिजून राखाडी झालेल्या रेषा. त्या घरात कोणतं गाणं सारखं लागत होतं ते डोळ्यांनी दिसतं. ही माहिती मोबाइलवर मिळत नाही.

हातात आली ती कोणत्या जातीची?

जड, कडक, बहुधा दहा इंची आणि पडली की तुकडे होणारी ती ७८ ची. एका बाजूला जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटं. ही लाखेची असते. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्याची जी लाख गोंदिया-गडचिरोलीकडे काढतात तीच. तबकडीत लाख साधारण एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी असते. बाकी दगडाची बारीक पूड आणि रंगाला काजळी. ती पूड खरखरीत असल्यामुळे पोलादी पिन घासून खाचेच्या मापाची होते आणि एका बाजूत संपते. चावीच्या फोनोला दर बाजूला नवी पिन लावायची पद्धत होती ती यामुळेच. चावीचा फोनो असेल तर हा नियम आजही पाळा. आणि त्या फोनोवर एलपी चुकूनही ठेवू नका. त्याचा सुई धरणारा जड हात मऊ तबकडी एका फेरीत सोलून काढतो.

भारतात तबकड्यांसाठी गाणी मुद्रित करायला १९०२ मध्ये कोलकात्यात सुरुवात झाली, आणि त्यात गाणाऱ्या पहिल्या नामवंत गायिका म्हणजे गौहर जान. गाणं संपलं की त्या आपलं नाव इंग्रजीत सांगून टाकत, कारण तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोवरला तयार व्हायच्या आणि तिथल्या माणसांना गाणारं कोण हे कळायला हवं. १९०८ मध्ये कोलकात्यात कारखाना निघाला, पुढे तो डमडमला गेला. आपल्याकडे ७८ ची तबकडी इतर देशांच्या मानानं फार टिकली. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर निघाली आहेत. त्यामुळे ७८ दिसली की ती स्वातंत्र्यापूर्वीचीच, असं धरून चालू नका.

मोठी बारा इंची, लवचिक ती एलपी, ३३⅓ फेऱ्यांची. अमेरिकेत ती १९४८ मध्ये आली आणि छोटी सात इंची ४५ ची त्याच्या पुढच्या वर्षी. छोटीवर दोन गाणी असली तर एसपी, चार असली तर ईपी. पण आकारावरून वेग ठरवू नका, लेबल वाचा. बारा इंची तबकड्याही ४५ च्या असतात. एचएमव्हीच्या एलपींवर क्रमांकाआधी ईसीएलपी असेल तर ती मोनो, ईसीएसडी असेल तर स्टीरिओ. एवढी दोन अक्षरगटांची ओळख सुरुवातीला पुरते. आपल्याकडे तबकड्यांचं उत्पादन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं. त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या हिंदी सिनेमांच्या एलपी खेड्यातही चांगल्या अवस्थेत सापडतात. त्या मागवल्या गेल्या तेव्हा घरात कॅसेटचा टेप आलेला होता, म्हणून त्या फारशा वाजल्याच नाहीत.

घ्यायच्या आधी तपासा

अंगणात, उन्हात उभं राहून पाहा. घरातल्या बल्बखाली सगळ्याच रेकॉर्ड चांगल्या दिसतात. तबकडी कडेनं आणि मधल्या लेबलला धरून उन्हाकडे तिरपी करा. काळा रंग चमकत असेल तर ठीक, खाचा राखाडी-मळकट दिसत असतील आणि पुसूनही तशाच राहत असतील तर जड पिननं तिची झीज झालेली आहे. अशी रेकॉर्ड कितीही धुतली तरी सुधारत नाही. ओरखडा दिसला तर त्यावरून नख अलगद फिरवा. नखाला लागला तर तिथं टक-टक येणार किंवा सुई उडी मारणार. नखाला लागला नाही तर सहसा ऐकूही येत नाही.

मग डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकडी आहे का पाहा. थोडी लाट चालते, पण टिनाच्या छताखाली चार उन्हाळे काढलेली एलपी पापडागत वळलेली असते, ती सोडून द्या. लेबलवर मधल्या भोकाभोवती बारीक रेषांचं जाळं असेल तर ती अंधारात, घाईघाईत पुष्कळदा लावली गेली आहे. बिछायतवाल्यांच्या रेकॉर्डवर हे हमखास दिसतं. ७८ असेल तर कडेला टिचकी मारा. खणखणीत वाजली तर अखंड, बद्द वाजली तर कुठेतरी केसाएवढी भेग आहे. आणि कव्हरातून रेकॉर्ड बाहेर काढल्याशिवाय पैसे देऊ नका. भजनांच्या कव्हरात दादा कोंडक्यांचे संवाद निघाल्याची उदाहरणं आहेत. ती अदलाबदल काही वेळा फायद्याचीही ठरते.

भावाबद्दल एवढंच. म्हाताऱ्या माणसाला किंमत ठाऊक नाही म्हणून पेटी फुकटात उचलून आणणं मला पटत नाही. त्यांच्यासमोर नगानं मोजा, नगानं पैसे द्या. शिवाय त्यांच्या आवडीचं गाणं त्याच रेकॉर्डवरून मोबाइलमध्ये भरून द्यायचं कबूल करा आणि खरंच द्या. गावात ही गोष्ट पसरते आणि पुढची पेटी तुमच्या दारात चालत येते.

आता मशीन

तुमच्याकडे जास्त करून एलपी-ईपी आल्या असतील तर ३३ आणि ४५ वेगाचं, बेल्टवर चालणारं साधं नवं मशीन घ्या. त्याची सुई हिऱ्याची, कार्ट्रिज (सुई बसते ती छोटी डबी) चुंबकीय आणि सुईचा तबकडीवरचा भार दीड ते साडेतीन ग्रॅममधला असावा. सुटकेसमधल्या स्वस्त प्लेअरांचा भार पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो, आणि त्याचे स्पीकर त्याच डब्यात असल्यामुळे त्यांची थरथर सुईला लागते. कबाडातल्या रेकॉर्डला ते चालतील, जपायच्या रेकॉर्डला नकोत.

७८ च्या जास्त असतील तर तो वेग असलेलंच मशीन हवं, आणि सुईही वेगळी. ७८ ची खाच एलपीच्या खाचेच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते. तिच्या सुईचं टोक साधारण ७५ मायक्रॉनचं, एलपीचं २५ किंवा त्याहून बारीक. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन नुसता कचरा वाजवते, आणि जाड सुई एलपीची खाच बिघडवते.

जुनी एचएमव्ही फिएस्टा किंवा कॅलिप्सो मिळाली तर? दिसायला देखणी, आणि गावातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या माणसाला तिचं काम येतं. बऱ्याच जुन्या मशीनच्या हाताच्या टोकाला छोटी दांडी असते. ती फिरवली की एलपीची सुई खाली येते, पलटवली की ७८ ची. मात्र चालू करायच्या आधी सुई बदला आणि रबरी भाग तपासा. रबर उन्हाळ्यांनी कडक किंवा चिकट झालेलं असतं आणि वेग डळमळतो. परदेशातून कोणी मशीन आणून दिलं तर मागची पट्टी वाचा. ११० व्होल्टचं असेल तर ट्रान्सफॉर्मर लागेल. शिवाय त्याची मोटर अमेरिकेच्या ६० हर्ट्झवर चालणारी असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर गाणं संथ आणि घोगरं येईल. ट्रान्सफॉर्मरनं तो दोष जात नाही.

पितळी भोंग्याचा, नवा-नवा 'अँटिक' ग्रामोफोन बैठकीत ठेवायला घ्या हवं तर. त्यातले बरेच अलीकडे जोडून तयार केलेले असतात. त्यावर चांगली तबकडी लावू नका.

मांडणी: इथं घाई नको

हे काम एकदाच नीट करायचं असतं, म्हणून अर्धा दिवस काढा.

जागा अशी निवडा की जिथून माणसं जात-येत नाहीत आणि समोर कूलर नाही. कूलरच्या झोतात पाण्याचे बारीक तुषार असतात, पंख्याची घरघर मशीनच्या टेबलात उतरते आणि कव्हरं फुगतात. हलणाऱ्या टेबलापेक्षा भिंतीत बसवलेली फरशी चांगली. तीवर गवंड्याकडची पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी सपाटी पाहा. कमी पडेल तिथं मशीनच्या पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या द्या. स्पीकर त्याच फरशीवर ठेवू नका, नाहीतर आवाज वाढवला की घुमायला लागेल.

मग हाताचा तोल. मागचं वजन फिरवत हात हवेत आडवा तरंगेल असं करा. तिथं आकड्याची चकती शून्यावर आणा, आणि मग वजन व चकती एकत्र फिरवून कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेला भार लावा. दोन दशांशांपर्यंत वाचणारा खिशातला डिजिटल काटा असेल तर खात्रीच होते. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड जास्त टिकेल, असं नवख्याला वाटतं. उलट हलकी सुई खाचेत उडत राहते आणि भिंती खरवडते. सांगितल्याइतकाच ठेवा. अँटी-स्केटिंगची, म्हणजे हात आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणून असलेली चकती असेल तर तीही त्याच आकड्यावर लावा. काही मशीनना या दोन्ही चकत्या नसतात, ती कारखान्यातून जुळवून आलेली असतात. तिथं हात लावू नका.

जोडणीत एकच गोष्ट लोकांना अडवते. सुईतून येणारा प्रवाह फार क्षीण असतो, आणि मुद्रण करताना जाड आवाज दाबलेले व बारीक आवाज वाढवलेले असतात. ते पूर्ववत करायला फोनो प्रीअँप लागतो. मशीनमागे फोनो-लाइन अशी कळ असेल तर प्रीअँप आतच आहे. साध्या अँप्लिफायरला किंवा होम थिएटरला जोडताना ती लाइनवर ठेवा. आवाज अगदी बारीक आणि पत्र्यासारखा आला तर कळ चुकीच्या बाजूला आहे असं समजा.

घूं असा आवाज येत असेल तर मशीनची बारीक अर्थिंगची तार अँप्लिफायरच्या स्क्रूला जोडा, आणि घराचं अर्थिंग पाहून घ्या. खेड्यात ते अनेकदा नावापुरतंच असतं. लाइन, म्हणजे वीज, गेली आणि स्वस्त इन्व्हर्टरवर मशीन चालू राहिलं तरी घूं येतो, कारण त्याची वीज चौकोनी लहरीची असते. लाइन गेली की पहिल्यांदा सुई उचला. तबकडी थांबलेली असताना लाइन अचानक परत आली की हातानं धडपड होते आणि ओरखडा पडतो.

धुणं

रोज वाजवायच्या आधी कार्बन फायबरचा ब्रश फिरवला की पुरतं. कबाडातून आलेली रेकॉर्ड मात्र धुवावीच लागते. तिच्यात चुलीचा धूर, काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगजवळचं गाव असेल तर कापसाचे तंतूही बसलेले असतात.

पाणी बोअरचं नको. खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या गावांत तर मुळीच नको. वाळल्यावर क्षार खाचेत राहतात आणि खरखर वाढते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी तालुक्याला कुठेही मिळतं, तेच आणा. लिटरभर पाण्यात भांड्याच्या सौम्य लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका. लेबल कोरडं ठेवा. मऊ मायक्रोफायबर कापड खाचेच्या दिशेनं गोल फिरवा, आडवं घासू नका. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुसून सावलीत उभी वाळवा.

७८ ला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावायचं नाही. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दाराला पॉलिश करतात ना, तेच तुमच्या तबकडीचं होईल. तिला ओलसर कापड आणि लगेच कोरडं कापड, एवढंच.

तीन ऋतू

मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा पंचेचाळिशीपार जातो. टिनाच्या छताखालची खोली, बंद गाडी, उन्हाची भिंत, या तिन्ही जागा एलपीला घातक. घरातली सगळ्यात थंड खोली, सहसा जुन्या मातीच्या भिंतीची मधली खोली, रेकॉर्डसाठी ठेवा. तबकड्या उभ्याच ठेवायच्या, घट्ट नाही आणि कलत्याही नाही. एकावर एक रचल्या की खालच्या वाकतात. शंभर एलपी वीस-बावीस किलो भरतात, तेव्हा फळी जाड घ्या.

पावसाळ्यात बुरशी आणि उधई. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर आणि जमिनीवरून वर. कव्हरं महिन्यातून एकदा उघडून पाहा. चिकट पारदर्शक प्लॅस्टिकच्या, म्हणजे पीव्हीसीच्या पिशव्यांत रेकॉर्ड ठेवू नका. त्यातलं रसायन झिरपून तबकडीवर पांढुरका धुरकटपणा येतो. साध्या पॉलिथीनच्या आतल्या पिशव्या चालतात.

कोरड्या हवेत, थंडीत आणि एप्रिलमध्ये, रेकॉर्डला वीज चढते आणि चटचट आवाज येतो. तो ओरखडा नाही. ब्रश हळू फिरवा.

काय ऐकावं

हे मी सांगू नये, पण सुरुवात जवळच्या माणसांपासून करा. वसंतराव देशपांडे आपल्या मूर्तिजापूरचे. त्यांच्या नाट्यपदांच्या रेकॉर्ड शोधल्या तर मिळतात. अमरावतीच्या सुरेश भटांचे शब्द कोणाकोणाच्या आवाजात आले आहेत ते लेबलं वाचत शोधण्यात एक हिवाळा जातो. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथांच्या ७८ मिळाल्या तर तीन मिनिटांत अख्खं पद बसवताना गाणाऱ्यानं काय गाळलं आणि काय ठेवलं याकडे लक्ष द्या. उरुसांमुळे कव्वाल्यांच्या ईपी आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि शहरातले संग्राहक त्यांच्याकडे अजून फारसे वळलेले नाहीत.

एक शेवटची सवय लावून घ्या. हिऱ्याची सुई साधारण पाचशे ते हजार तास चालते, नीलमण्याची त्याच्या कितीतरी आत संपते. झिजलेली सुई ऐकून कळेपर्यंत तिनं रेकॉर्डचं नुकसान केलेलं असतं. सुई लावली ती तारीख आणि तिचा मॉडेल क्रमांक कागदावर लिहून मशीनच्या खालच्या बाजूला चिकटवा. बदली सुई तालुक्याला मिळत नाही, ऑनलाइन मागवावी लागते, आणि तेव्हा तो क्रमांकच विचारतात.